‘दुपारनंतर’ म्हणजे नक्की किती वाजता? झेरमाट–चेर्विनियाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

म्युनिकच्या आसपासच्या ओळखीच्या मराठी घरांना दर हिवाळ्यात स्कीच्या सहली आखून द्यायचं काम माझ्याकडे कधी आलं ते मलाच आठवत नाही. हौसेचं काम आहे, पैसे कुणी देत नाही, शिव्या मात्र हक्कानं देतात. त्यातल्याच एका कुटुंबाचं हे प्रकरण. त्यांनी सांगितल्यावरून आणि फोनमधल्या वेळा, पावत्या, मेसेज ताडून पाहून लिहिलं आहे. नावं, हॉटेल, वर्ष गाळलं आहे. २०२३ नंतरच्या एका फेब्रुवारीतली गोष्ट, एवढं पुरे.

माणसं सहा. दादा, वय ३८, सॉफ्टवेअरमधला, स्कीवर सहावा हिवाळा. वहिनी, तिसरा हिवाळा. निळ्या पिस्टवर (पिस्ट म्हणजे स्कीसाठी आखलेला उतार; निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड) गाणं म्हणत जाते, लाल पिस्ट शांतपणे उतरते, काळ्या पिस्टच्या वाटेला जात नाही. धाकटा, म्हणजे दादाचा सख्खा भाऊ, आखेनला एम.एस. करणारा, स्नोबोर्डवर दुसराच हिवाळा पण अंगात दहाव्याचा जोर. दादा-वहिनींची सहा वर्षांची मुलगी, पहिलीतली, बव्हेरियात फाशिंगची, म्हणजे कार्निव्हलची, आठवडाभराची सुट्टी लागली म्हणून आलेली. आणि नाशिकहून तीन महिन्यांसाठी आलेले आई-बाबा, ज्यांनी बर्फ आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

जागा स्वित्झर्लंडमधलं झेरमाट. हे गाव साधारण १६०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराइतक्या उंचीवर तिथे दुकानं आणि पोस्ट ऑफिस आहे. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना गावात बंदी. गाडी खाली टॅशला लावायची आणि बारा मिनिटांच्या आगगाडीनं वर यायचं. डोक्यावर मॅटरहॉर्न. त्याच डोंगराच्या पलीकडे इटलीत ब्रॉय-चेर्विनिया, २०५० मीटरवर, आणि तिथे त्याच डोंगराला चेर्विनो म्हणतात. दोन्ही बाजू मिळून सुमारे ३६० किमी पिस्ट एकमेकींना जोडलेल्या. सकाळी स्वित्झर्लंडमध्ये नाश्ता, दुपारी इटलीत जेवण आणि संध्याकाळी परत, ही त्या जागेची खरी गंमत, आणि याच गमतीपायी दर वर्षी कुणी ना कुणी पलीकडे राहून जातं.

कारण जाणं आणि येणं सारखं नाही. जाताना केबल कारनं क्लाइन मॅटरहॉर्नला, ३८८३ मीटरवर पोचलात की पुढे सगळा उतार. गुरुत्वाकर्षण तुम्हाला फुकट इटलीत नेऊन सोडतं. येताना मात्र चेर्विनियाहून पुन्हा तीन हजार तीनशे मीटरच्या वर चढावं लागतं आणि त्याला दोनच वाटा: चिमे ब्यांके लागीहून प्लाटो रोझाला, ३४८० मीटरवर जाणारी केबल कार, किंवा टेओडुल खिंडीकडे जाणारी बोंताडिनी चेअरलिफ्ट. दोन्ही उघड्या कड्यावर, पश्चिमेचा वारा थेट अंगावर. २०२३ च्या जुलैत वरच्या टोकाला, प्लाटो रोझालगतच्या टेस्टा ग्रिजापासून क्लाइन मॅटरहॉर्नपर्यंत, नवी गोंडोला सुरू झाली. दोन जाड दोरांवर धावणारी, वाऱ्याला बरीच दाद न देणारी. त्यामुळे ‘आता काय, कधीही परत येता येतं’ असा समज पसरला. पण ती गोंडोला सुरू होते वरून. दरवाजा भक्कम झाला, त्याच्याकडे नेणारा जिना अजून जुनाच आहे.

(तिथली सीमाही मोठी मजेशीर. ती पाणलोटावरून ठरलेली आणि पाणलोट हिमनदीवर. हिमनदी वितळत गेली तशी रेषा सरकली, आणि अलीकडे दोन्ही देशांना बसून ती नव्यानं आखावी लागली. स्कीवर असताना मात्र ती रेषा दिसत नाही, फोनवर ‘इटलीत स्वागत’ असा मेसेज येतो तेवढंच.)

आदल्या रात्री काय ठरलं

मंगळवारी रात्री हॉटेलच्या खोलीत बैठक झाली. बुधवारी तिघांनी इटलीत जायचं. मुलगी स्की शाळेत, सुनेगाला; तिथे जमिनीखालून जाणाऱ्या गाडीनं पाच मिनिटांत पोचता येतं. शाळा साडेतीनला सुटते, वहिनी तीनपर्यंत परत येऊन तिला घेणार. आई-बाबा गावात फिरणार. बाबांना स्टेंट असल्यानं त्यांना ३८८३ मीटरवर न्यायचा प्रश्नच नव्हता.

दादानं त्याच रात्री फोनवरून तिघांच्या लिफ्टच्या पासवर इटलीची एका दिवसाची वाढ घेऊन टाकली, सकाळी रांग नको म्हणून. १ जानेवारी २०२२ पासून इटलीत पिस्टवर उतरायचं तर दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा सक्तीचा आहे. दादा-वहिनींचा जर्मनीतला वैयक्तिक दायित्वाचा विमा त्याला चालतो, धाकट्याकडे काही नव्हतं, म्हणून त्याच्यासाठी एका दिवसाचा घेतला. इथवर सगळं नीट.

मग दादानं मेटिओस्विसवर, म्हणजे स्विस हवामान खात्याच्या ॲपवर, अंदाज पाहिला. उंचावर वारा, ‘आब मिटाग’ वाढणार. जर्मनीत नऊ वर्षं काढलेल्या माणसाला याचा अर्थ ठाऊक असतो: बारापासून. पण त्यानं तो मराठीत सांगितला, “दुपारनंतर वारा वाढणार आहे रे.” आणि मराठीत दुपार ही काय चीज आहे ते आपल्याला माहीत आहे. जेवण झाल्यावर, वामकुक्षी झाल्यावर, चहाच्या आधी जे काही उरतं ते दुपारनंतर. धाकट्यानं ऐकलं ‘तीन-चार वाजता’. वहिनींनी ऐकलं ‘दोनच्या पुढे’. मी तिघांनाही वेगवेगळं विचारलं तेव्हा हे कळलं. दादा स्वतः म्हणाला, “बोलताना मला बारा माहीत होते, पण सकाळी उठलो तेव्हा माझ्याही डोक्यात दुपारनंतरच राहिलं होतं.”

गुरुवार-शुक्रवारचा अंदाज शांत होता. वाढीव पास आधीच घेतला नसता तर कुणीतरी ‘उद्या जाऊ’ म्हणालं असतं, असं वहिनींचं मत. मलाही ते पटतं.

बुधवार

साडेआठला निघाले. सुट्टीचा आठवडा, खालच्या गोंडोलाला रांग. पावणेदहा-दहाला ट्रोकनर श्टेग हे मधलं स्टेशन, साडेदहाला क्लाइन मॅटरहॉर्न. उणे सतरा. फोटो काढताना दादाच्या फोनची बॅटरी ८० वरून ५५ वर आली, ही गोष्ट पुढे लागणार आहे.

तिथून टेस्टा ग्रिजापर्यंत हिमनदीवरचा चपट भाग. स्कीवाल्याला काही वाटत नाही, काठ्या मारत जातो. बोर्डवाल्याचे दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले. वेग मेला की मागचा पाय सोडवायचा आणि लहान मूल स्कूटर ढकलतं तसं ढकलत जायचं. धाकट्याला दोनदा ढकलावं लागलं. मग व्हेंटिना, प्लाटो रोझाहून थेट गावापर्यंत चौदाशे मीटर खाली नेणारी लाल पिस्ट. अर्ध्यात त्याच्या पोटऱ्या पेटल्या, तीनदा बसला. साडेअकराला चेर्विनिया. कॉफी.

अकरा पन्नासला टेबलवर प्रश्न आला. धाकट्याला वाल्टूर्नांशपर्यंतचा उतार करायचा होता. ते गाव १५२४ मीटरवर आहे, क्लाइन मॅटरहॉर्नपासून धरलं तर आल्प्समधल्या लांबलचक उतारांपैकी एक. दादाची ना नव्हती. वहिनी म्हणाल्या, “आधी वर जाऊन पलीकडे होऊ या का? वेळ उरला तर तिकडचंच काहीतरी करू.” धाकटा म्हणाला, “वहिनी, तिकडचं तर रोजच आहे ना.” त्यावर वहिनी जे बोलल्या ते आपल्या घराघरांत बोललं जातं: “बघा बाई, तुम्ही म्हणाल तसं.”

ते दोघांनी होकार म्हणून ऐकलं.

वर जाताना बारा पाचला मधल्या प्लान मेझॉं स्टेशनवर लिफ्टचा फलक दिसला. बोंताडिनीसमोर लाल दिवा. धाकटा म्हणाला, ती खुर्ची आहे, आपल्याला केबल कारनं जायचंय. खरंच होतं ते. पण दोन वाटांपैकी एक वाऱ्यानं बंद झाली होती आणि घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. ‘आब मिटाग’ पाच मिनिटांपूर्वी सुरू झाला होता.

बारा वीसला चिमे ब्यांके लागीला पोचले. समोर प्लाटो रोझाच्या केबल कारची रांग, अंदाजे पंचवीस मिनिटांची. तिला वळसा घालून ते वाल्टूर्नांशकडे उतरले.

खाली पोचायला एक दहा झाले, कारण खालचा बर्फ मऊ आणि सपाट पट्टे फार. बोर्डवाल्याची पुन्हा तीच गत. जेवण, पोलेंता आणि फोंतिना चीज, पंचावन्न मिनिटं. दोन पाचला वर निघाले, तीन-चार लिफ्ट बदलत बरोबर तीनला परत चिमे ब्यांके लागी. सकाळी पाहिलेल्या फलकावर परतीची शेवटची वेळ साडेतीन होती. म्हणजे ही मंडळी अर्धा तास आधीच आली होती.

केबल कार एक पन्नासला बंद झाली होती.

अडचण

पहिली अडचण डोंगराची नव्हती, पोरीची होती. साडेतीनला शाळा सुटणार, आणि शाळेच्या फॉर्मवर मुलीला घेऊन जाऊ शकणाऱ्यांत फक्त आई-वडिलांची नावं होती. आजी-आजोबा त्याच गावात असूनही कागदावर ते कुणीच नव्हते.

दुसरी, फोनची. दादाच्या आणि वहिनींच्या जर्मन सिमवर युरोपीय संघात वेगळे पैसे पडत नाहीत, पण स्वित्झर्लंड संघात नाही आणि त्यांच्या प्लॅनमध्ये ते धरलेलं नव्हतं. म्हणून गेले चार दिवस डेटा बंद ठेवायची सवय. बाबांचा भारतीय नंबर, तो हॉटेलच्या वायफायवरच चालतो. इटलीत यांचे फोन उत्तम चालत होते; ज्यांच्याशी बोलायचं ते ऐकायच्या टप्प्यात नव्हते.

तिसरी, पासपोर्ट. दोघांचे हॉटेलच्या तिजोरीत. वहिनींच्या जाकिटात ब्लू कार्ड, म्हणजे जर्मनीतला राहण्याचा परवाना, होतं, दादाच्या खिशात वाहन परवाना. धाकट्याच्या पाठपिशवीत मात्र पासपोर्ट होता. आखेनहून निघाल्यापासून त्यानं तो बाहेरच काढला नव्हता. आळशीपणाचा एवढा उपयोग मी कधी पाहिला नाही.

पहिली पाच मिनिटं

इथे वहिनींनी जे केलं ते या सगळ्या प्रकरणातलं सर्वात चांगलं काम. केबल कार पुन्हा उघडेल का, याची चर्चा दोघे भाऊ करत असताना त्यांनी हातमोजा दातांनी ओढून काढला आणि आधी स्की शाळेला फोन लावला. बॅटरी ११ टक्के. मुलीचा गट, टोपीचा रंग, आजोबांचं पासपोर्टवरचं पूर्ण नाव सांगितलं. शाळेनं ‘ओळखपत्र दाखवू देत, आणि मुलीनं ओळखायला हवं’ असं म्हटलं. मग हॉटेलला फोन. रिसेप्शनवरच्या मुलीनं वर जाऊन दार वाजवलं, झोपलेल्या बाबांना उठवून खाली आणलं.

बाबांनी फोन घेतला. वहिनी सांगतात, आवाजात जराही घाई नव्हती. “आणतो मी तिला. तू आधी तुमचं बघ.”

हॉटेलच्या मुलीनं त्यांना एका चिठ्ठीवर जर्मनमध्ये लिहून दिलं: मी अमुकचा आजोबा, तमुक गटातल्या मुलीला न्यायला आलो आहे, शाळेला फोन झाला आहे. बाबांनी ती चिठ्ठी पासपोर्टमध्ये घालून तो आतल्या खिशात ठेवला आणि आईंना घेऊन निघाले. तीन पन्नासला मुलगी त्यांच्या हातात होती. चिठ्ठी अजून नाशिकला आहे.

समोरचे पर्याय

वर पावणेचारपर्यंत थांबले. मग तिथल्या कर्मचाऱ्यानं हातानंच ‘आज नाही’ केलं. गोंडोलानं खाली आले आणि गावातल्या एका कॉफीच्या दुकानात, चार्जर उसना घेऊन, बसले.

धाकट्याचा प्रस्ताव पहिला: प्लान मेझॉंहून टेओडुल खिंड आठशे मीटरचा चढ. “दादा, राजगड चढतोच की आपण.” हसण्यावारी नेऊ नये, कारण असा विचार करणारे दर वर्षी भेटतात आणि ते मूर्ख नसतात, दमलेले असतात. राजगडाचा चढही त्याच्या जवळपास जातो हे खरं. पण तिथे हवा विरळ नसते आणि उणे पंधरात वारा तोंडावर येत नाही. खिंडीपलीकडे हिमनदी आहे, तिच्यात भेगा आहेत आणि त्या पिस्टच्या खांबांबाहेर बर्फानं झाकलेल्या असतात. फेब्रुवारीत सहाच्या सुमारास अंधार. आणि एक गोष्ट जी नवख्यांना माहीतच नसते: पिस्ट बंद झाल्यावर बर्फ सपाट करणारी यंत्रं बाहेर पडतात. तीव्र उतारावर ती वरच्या खुंट्याला पोलादी दोर अडकवून काम करतात. हा दोर शेकडो मीटर लांब असतो, बर्फात पुरलेला असतो आणि यंत्र वळलं की ताठ होऊन पिस्टवरून कोयत्यासारखा फिरतो. संध्याकाळच्या उजेडात तो दिसत नाही. बंद पिस्टवर गेलेली माणसं अशा दोरानं मेली आहेत. दादाला हे माहीत होतं, त्यानं सांगितलं, विषय संपला.

दुसरा, टॅक्सी. सरळ रेषेत झेरमाट तिथून तेरा-चौदा किलोमीटर. रस्त्यानं मात्र खाली शातियॉं, मग आओस्ता, ग्रेट सेंट बर्नार्डचा बोगदा, मार्तिन्यी, र्‍होन नदीच्या खोऱ्यातून व्हिस्प आणि पुन्हा वर टॅश, दोनशे किलोमीटरच्या वर. चार तास. भाडं पाचशे युरोंहून जास्त सांगितलं.

तिसरा, बस आणि रेल्वे. त्या रात्री पोचणं शक्य नव्हतं, दोन मिनिटांत बाजूला पडला.

चौथा, तिथेच रात्र काढून सकाळी केबल कारनं परत. अंदाज म्हणत होता पहाटेपर्यंत वारा पडेल. पण आज सकाळी त्यांनी अंदाजाचं काय केलं होतं ते ताजं होतं, त्यामुळे कुणी पैजेवर सांगायला तयार नव्हतं.

दादाचं म्हणणं: सगळ्यांनी राहावं. मुलगी सुरक्षित आहे, आई-बाबा आहेत, पैसे वाचतील. वहिनींचं म्हणणं: मुलगी रात्री आईशिवाय कधी झोपलेली नाही, आणि बाबांच्या छातीत काही झालं तर आई एकट्या. वाद झाला नाही, दोघंही थकलेले. शेजारच्या टेबलवर एक डच जोडपं याच विवंचनेत होतं आणि त्यांनी ठरवलेल्या टॅक्सीत एक जागा रिकामी होती. एकच. त्यानं निर्णय लागला.

काय केलं

वहिनी पाच चाळीसला निघाल्या. वाट्याला दोनशे युरोंच्या आत-बाहेर आले. १९६४ साली खुला झालेला तो पावणेसहा किलोमीटरचा बोगदा ओलांडताना सीमेवर गाडी थांबवली, कार्ड पाहिलं, पासपोर्ट कुठे विचारलं. “झेरमाटला, तिजोरीत” म्हटल्यावर त्या अधिकाऱ्यानं छपरावरच्या स्कीकडे पाहिलं आणि हसून जाऊ दिलं. असं नेहमी होईल असं धरून चालू नये. शेंगेनमध्येही ब्लू कार्डाबरोबर पासपोर्ट लागतोच. पावणेदहाला टॅश, सव्वादहाला खोली, पायात स्कीचे बूट तसेच.

भावांनी हॉटेल शोधलं. इटलीत हॉटेलवाल्याला प्रत्येक पाहुण्याची ओळख नोंदवून पोलिसांना कळवावी लागते, त्यामुळे पासपोर्टशिवाय दादाला दोन ठिकाणी नकार मिळाला. तिसऱ्या ठिकाणी धाकट्याचा पासपोर्ट आणि दादाच्या पासपोर्टचा फोनमधला फोटो यावर काम झालं. रात्री दोघांनी आतले कपडे बेसिनमध्ये धुवून हीटरवर टाकले.

गुरुवारी आकाश निळंशार, पण वर झुळका होत्याच. केबल कार साडेआठला नाही, साडेनऊला नाही. दहा चाळीसला सुटली. बारा वाजता दोघे स्वित्झर्लंडमध्ये.

काय झालं, काय गेलं

इजा कुणाला नाही. टॅक्सीचा वाटा, एका रात्रीचं हॉटेल आणि दोघा भावांचा गुरुवारचा अर्धा दिवस गेला. प्रवास विम्यानं काही दिलं नाही. लिफ्ट वाऱ्यानं बंद होणं हा त्यांच्या लेखी अपघात नाही, आणि परतीची वेळ सांभाळणं ज्याचं त्यानं. तसं तिकिटाच्या अटींत लिहिलंही होतं, कुणी वाचलं नव्हतं.

मुलगी साडेआठलाच झोपली होती. आजीनं केलेल्या मऊ भातावर, जो तिनं नाशिकहून आणलेल्या छोट्या इलेक्ट्रिक कुकरमध्ये हॉटेलच्या नियमाविरुद्ध शिजवला होता. वहिनी आल्या तेव्हा तिला जागही आली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यांनी पहिलं बोट जेवणावर ठेवलं. पंचावन्न मिनिटं कशाला बसायचं? हिशोब करून पाहा. जेवलेच नसते तरी एक दहाला खालून निघून पंचावन्न मिनिटांनी, दोन पाचला वर पोचले असते. केबल कार एक पन्नासला बंद झाली. उपाशी अडकले असते, एवढाच फरक.

निर्णयाची वेळ अकरा पन्नास ते बारा वीस होती. बारा वीसला त्या पंचवीस मिनिटांच्या रांगेत उभे राहिले असते तर एक वाजता हिमनदीवर, दोनला गावात. रांग लांब आहे हेच त्यांना पलीकडे वळायला कारण वाटलं. खरं तर दोनपैकी एक वाट बंद झाल्यावर रांग लांब होणारच, तो लाल दिव्याचाच दुसरा अर्थ होता. फलकावरची साडेतीनची वेळ ही चांगल्या हवेची वेळ. वाऱ्याच्या दिवशी ती वेळ कशाचीच नसते. अशा जोडलेल्या दऱ्यांत मी आता लोकांना एवढंच सांगतो: पलीकडे जायचं, आल्या आल्या परतीची लिफ्ट धरून आपल्या बाजूला यायचं, आणि मग वेळ उरला तर पुन्हा खेळायचं. वहिनी हेच म्हणत होत्या.

त्यांचं ऐकलं का गेलं नाही, यावर मी बराच विचार केला. तिघांत त्या सर्वात कमी अनुभवी होत्या असंही नाही, बोर्डवाला त्यांच्याहून नवा. पण तो पाहुणा होता, लाडका होता, चार दिवसांसाठी आलेला. आणि ‘तुम्ही म्हणाल तसं’ या वाक्यात नाराजी किती आणि संमती किती हे डोंगरावर मोजत बसायला वेळ नसतो. साडेतीनला ज्याला कुठेतरी हजर राहायचं आहे त्याचा शब्द अखेरचा, असं आदल्या रात्रीच ठरवलं असतं तर वहिनींना वाद घालावाच लागला नसता. वहिनी म्हणतात, मीही स्पष्ट बोलायला हवं होतं. दादा म्हणतो, मी विचारायला हवं होतं. दोन्ही खरं.

त्यांनी वेगळं व्हायला हवं होतं का? म्हणजे दादा-वहिनी परत आणि धाकटा एकटा वाल्टूर्नांशला? मला नाही वाटत. दुसऱ्या हिवाळ्यातल्या बोर्डवाल्याला परक्या खोऱ्यात एकटं सोडून तो अडकला असता तर प्रश्न तोच राहिला असता, फक्त फोन दादाला आला असता.

बारीकसारीक गोष्टी तर सांगायच्याच: स्की शाळेच्या फॉर्मवर गावात असणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं नाव, पासपोर्ट अंगावर, फोन आतल्या खिशात शरीराच्या उबेत. वाढीव पास त्या दिवशी सकाळी खिडकीवर घ्यायचा, हवा पाहून. आणि अंदाज सांगताना तास सांगायचा. ‘दुपारनंतर’ नाही, ‘बारा वाजता’.

टॅक्सीच्या पैशांवरून त्या घरात अजून एकमत नाही. दादा म्हणतो, पोर झोपली होती, दोनशे युरो वाया गेले. वहिनी म्हणतात, ते पोरीसाठी नव्हतेच. गेल्या गणपतीत मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा हा विषय पुन्हा निघाला आणि बाबा व्हिडिओ कॉलवर होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, मला काय माहीत, मी त्या रात्री नऊलाच झोपलो होतो.